डाव्या बाहीपर्यंत

पाठ झाली नोव्हेंबरात.
पुढा झाला, गळा राहिला.
गळ्याचे टाके मोठ्या सेफ्टी पिनेवर अडकवून ठेवलेत,
पिनेला गंज चढतोय, इथलं पाणीच खारट.

वफ्राच्या या मझऱ्यावर आम्ही राखणीला:
मी, मुश्ताक, नाजमीन,
एक्केचाळीस मेंढ्या, तीन ओळी खजूर,
टोमॅटोची दोन ग्रीनहाउसं
आणि एक पंप,
जो रात्री दोनला खोकून सगळ्यांना उठवतो
आणि सकाळी काही झालंच नाही असा चालतो.

मुश्ताक म्हणतो, पट्टा सैल पडलाय.
मी म्हणते, मापाला उभा राहा.
तो उभा राहतो हात पसरून,
ग्रीसचे तळवे लोकरीपासून लांब धरून,
झडती द्यायला उभा राहावा तसा.
छाती दोन बोटं कमी भरली या वर्षी.
मी वहीत लिहिते, त्याला सांगत नाही.

ओळ अर्धी असतानाच हाक येते.
प्लास्टिक फाटलं,
नाहीतर कोल्ह्यानं जाळी उचकटली,
नाहीतर बू तलाल येणार गुरुवारी, अंगण झाडा.
सुया गुंड्यात खुपसायच्या आणि उठायचं.
परत आल्यावर बोटांनी चाचपलं की कळतं
सुलट चालली होती की उलट.

दुसऱ्याच्या कुंपणातली भोकं आम्हांला तोंडपाठ.
आपल्या हर्णैच्या गडग्याचा कुठला दगड निखळला
ते चुलतदीर फोटो काढून कळवतो,
फोटोत दगड कमी, त्याचा अंगठाच जास्त.
मुश्ताक तो फोटो मोठा करून बघत बसतो.
मग चहा मागतो.

बू तलालची म्हातारी आई आली होती मुलाबरोबर.
खुर्ची नको म्हणाली, माझ्याशेजारी चटईवर बसली.
विणकाम उचललं, उलटं केलं,
माझी चूक अकराव्या ओळीत होती, तिचं नख तिथेच थांबलं.
तिला माझी भाषा येत नाही, मला तिची चार वाक्यं.
दोघींनी मिळून अकराव्या ओळीपर्यंत उसवलं.
ती उसवायची, मी गुंडाळायचे.
जाताना लोकरीला हात लावून ती काहीतरी म्हणाली,
"पातळ आहे" म्हणाली असावी.

जानेवारीत एक रात्र अशी आली
की हौदावर काचेसारखा पापुद्रा धरला.
पलीकडे तेलाच्या विहिरींची ज्योत आभाळ तांबूस करत होती,
तिची ऊब मात्र इथवर येत नव्हती.
मुश्ताक बॅटरी घेऊन आत आला, गोणपाट शोधायला,
वाल्व्हला गुंडाळायला.
गोणपाट मेंढ्यांखाली होतं.
त्यानं खाटेवरचं जे हाताला लागलं ते नेलं.

सकाळी बघते तर पाइपला माझी डावी बाही.
मनगटाकडची सुई तशीच,
एकेक टाका दवानं फुगलेला,
वर त्यानं तारेची गाठ मारलेली.
मी बोलले. खूप बोलले.
पोरगी शाळेच्या बसला जाताना म्हणाली,
"अम्मी, पाइपाला दुसरा हात कुठे आहे?"
मुश्ताक खाली बघून हसला.
नळ सोडला, पाणी आलं.
शेजारच्या मझऱ्यावरचे दोन पाइप फुटले होते.

शुक्रवारी फहाहीलला गेले.
दुकानदार म्हणाला, हा हिरवा संपला,
याच्या जवळचा देतो.
जवळचा म्हणजे कच्च्या टोमॅटोचा,
आपला होता जुन्या कैरीच्या लोणच्याचा.
घेतला. करते काय.

आता मार्च.
दुपारी पंप्याच्या खोलीचा पत्रा हात लावू देत नाही.
नवी बाही कोपरापर्यंत आलीय.
मुश्ताक विचारतो, या वर्षी घालायला मिळणार का?
मी म्हणते, पट्टा बदललास?

वाल्व्हवरची बाही कुणी काढलेली नाही.
हौदाकडे जाताना मेंढ्या थांबतात,
हुंगतात,
आणि पुढे जातात.