मंगळवारची फेरी

बोलेरोच्या मागच्या सीटवर औषधांचा डबा,
त्यावर नलूचा टिफिन, त्यावर माझं रजिस्टर.
टीमची प्रमुख मी, म्हणजे
डिझेलचा हिशोब माझा,
आणि कोण कुणाच्या दारात किती वेळ गप्प बसलं, तोही.

मांडव्याच्या टोकाला, पऱ्हाटीच्या गंजीमागे
तुळशीराम कोडापे.
चार महिने दार उघडलं नाही.
आतून म्हणायचा, तारेतून मानसं बोलतेत,
तुमी बी तारेतलेच.
नलू म्हणाली, ताई, पोलीस पाटलाला सांगू?
मी म्हटलं, ओट्यावर बसू.
बसलो. कापूस वेचून येणाऱ्या बाया हसल्या आम्हाला.
एका मंगळवारी एक हात बाहेर आला,
पाण्याचा गडवा ठेवून आत गेला.
सुई त्यानंतर दोन महिन्यांनी.

मधे उमरीची रुखमा गेली.
विहिरीत नाही, साध्या तापानं.
मला आधी हायसं वाटलं,
हे टीमला अजून सांगितलेलं नाही.

काल गाडीचा पट्टा तुटला.
आज पोचलो, तर दार सताड उघडं,
उंबऱ्यावर तो, दाढी केलेला, रागावलेला:
"काल काऊन नाई आले?
मंगयवार काल होता.
दूध नासलं ना."

नलूनं माझ्याकडे पाहिलं.
रजिस्टरात रागाला रकाना नाही.
शेऱ्यात लिहिलं, उशीर आमच्याकडून.

मग कोराच चहा.
गूळ जरा जास्त झाला होता,
तारेवर दोन होले.