खंड

सहा वर्षांपूर्वी मिरजेच्या इरफान बागवानने
शाळेच्या पोळीभाजीचा स्टीलचा डबा आणला,
दोन्ही कुशींना ड्रिलने पाडलेली भोकं,
आत तळहाताएवढी पट्टी, एक हिरवा दिवा.
"मावशी, एवढाच कॉम्प्युटर हाय.
फक्त बटन बंद करू नका बगा."

तीन स्टेशनं निवडली.
उत्तरेकडच्या कुठल्याशा बेटावरचं एक,
पहाटे साडेतीनला एक बाई
मच्छीमारांसाठी वाऱ्याचे आकडे वाचते.
भाषा कळत नाही,
पण तिला सर्दी झाली की कळतं.
दुसरीकडे एक म्हातारा बातम्यांआधी पाणी पितो,
ग्लास टेबलावर ठेवल्याचा आवाज येतो.
तिसऱ्यावर डोंगराळ मुलुखातले बटाट्याचे भाव.
आपल्या पेठेत हळदीचे भाव पुकारतात
तोच सूर, उतरले तरी आवाज उतरत नाही.

डबा दर तासाला एक तुकडा कापतो
आणि त्याला नाव देतो : वर्ष, महिना, तारीख, तास.

मी ट्रंक एक्स्चेंजला होते.
सांगली-कराड, सांगली-पुणे,
लायटनिंग कॉल आठपट दराने,
तो बहुधा मयतीचा.
कानाला चोंगा, पण नियम असा
की जोडायचं, ऐकायचं नाही.
लाइन लागली की "बोला" म्हणायचं,
किल्ली मागे घ्यायची, बाजूला व्हायचं.
तरी अर्धं वाक्य कानात राहायचंच.
"अगं, दादा काल रात्री..."
"दहा पोती पाठवली, पण त्यातली..."
अशा अर्ध्या वाक्यांचं पुढे काय करायचं
हे ट्रेनिंगमध्ये नव्हतं.

पल्लवी फोनवर विचारते,
आई, साडेचार टेराबाइट! ऐकणार कोण हे?
मी म्हणते, तुझ्या लग्नाची कॅसेट तरी कोण बघतं?
पण रात्री हिशेब मांडला.
तीन स्टेशनं गुणिले सहा वर्षं,
सलग ऐकायचं तर अठरा लागतील.
ट्रंकवर मी तेवढीच होते.

सलग मात्र नाही ते.
यादी वरून खाली सरकवली की मध्ये मोकळं दिसतं.
मंगळवार दुपार, साडेतीन तास :
महावितरणची देखभाल.
एकदा सतरा मिनिटं : उंदराने वायर कुरतडली.
ऑगस्टमधले अकरा दिवस : कृष्णा.
तेव्हा खणभागात तळमजल्याला होते,
डिस्क प्रेशर कुकरमध्ये घातली,
झाकण लावलं, शिट्टीच्या भोकाला मेण,
आणि कुकर पोटाशी धरून कुलकर्ण्यांच्या गच्चीवर.
बोटीतल्या पोराला वाटलं, आजीने भात आणलाय.
नंतरच विश्रामबागेत आले, दुसऱ्या मजल्यावर.
आणखी एक तास आहे,
तो मी स्वतः बंद केला होता.
का, ते सांगत नाही.

त्या जागी वारा नाही, बटाटे नाहीत.
त्या जागी सांगली आहे.
आपल्याकडे तुटलं तरी खंड म्हणतात,
ग्रंथाच्या भागालाही खंडच,
आणि आफ्रिकेलाही.

बेटावरचं स्टेशन मार्चमध्ये बंद झालं.
शेवटच्या पहाटे बाईने आकडे वाचले, नेहमीचे.
मग थांबून दोन वाक्यं, आकडे नसलेली.
मग खुर्ची सरकल्याचा आवाज.
ती दोन वाक्यं पन्नासदा तरी ऐकली असतील.
अर्थ कोणाला विचारला नाही.
पूर्ण आहेत, एवढं कानाला कळतं.

डबा अजून दर तासाला तिथे जातो,
रिकाम्या हाताने परत येतो, शून्य लिहितो.
इरफान म्हणाला, काढून टाकू का ते?
राहू दे म्हटलं.
साडेतीनला जाग येतेच.
अंधारात हिरवा दिवा.
"बोला," म्हणते मी,
आणि बाजूला होत नाही.