एच शून्याकडे जाताना

सव्वीस वर्षं मी फळ्यावर पॅराबोला काढला
आणि एकदाही त्याचे दोन्ही खांदे सारखे आले नाहीत.
डावा नेहमी उतरलेला,
जड दप्तर त्याच बाजूला टांगल्यासारखा.
मुलं तसाच उतरवून घेत.
ऐरोलीच्या सेक्टरांत अजून असतील काही वह्या,
रद्दीतून वाचलेल्या,
जिथे तो एका अंगाने कललेला
स्वतःला एक्सचा वर्ग म्हणवून घेतो.

या जूनपासून तो ताठ उभा आहे.
भाच्याने लिंक पाठवली. पैसे नकोत, खातं उघडायला नको,
फुकट ते पौष्टिक म्हणत मी घेतली.
नुसतं समीकरण टाकायचं, वक्र उमटतो,
हात न थरथरता.
खाली एक पट्टी, पट्टीवर ठिपका.
ठिपका सरकवला की वक्र पाय पसरतो, पाय आवळतो,
शून्य ओलांडलं की कोलांटी.

प्रोजेक्टरचा दिवा पिवळा पडलाय.
नव्यासाठी अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर सरकतोय,
लिमिट अस्तित्वात नाही.
दुपारचं ऊन पडद्यावर येतं म्हणून
तांबोळी खिडकीला मागच्या निवडणुकीचा बॅनर बांधतो,
छापील बाजू बाहेर.
तासभर उमेदवार हात जोडून
खाडीकडे मत मागत राहतो.

पहिला आठवडा त्यांनी गणित केलंच नाही.
कुणी सायनच्या लाटेतून मासा काढला,
कुणी सात वर्तुळांचा गणपती.
मी रागावले नाही.
माझ्या वहीच्या मागच्या पानाला
एवढी अचूकता कुठे होती?

गुरुवारी स्पर्शिका.
वक्रावर दोन बिंदू, दोघांतून जाणारी रेषा,
पट्टीवर एच.
हर्षाली मढवीने आपल्या फोनवर, तडा गेलेल्या काचेवर,
बोटाने एच कमी करत आणला.
एक. अर्धा. शून्य पूर्णांक एक.
रेषा हळूहळू कूस बदलत वक्राला टेकत आली.
शून्य पूर्णांक शून्य शून्य एक.
शून्य.

रेषा नाही.
पुसली असंही नाही, नव्हतीच जणू.
कोपऱ्यात बारीक अक्षरांत: अव्याख्यात.

वर्ग हसला. फुकटचं आहे मॅडम, असंच चालणार.
तांबोळी म्हणाला, नेट गेलं.
मी खडू उचललाच होता,
तेच वाक्य ओठांवर, घासून घासून गुळगुळीत:
जवळ जातो, पोचत नाही.

हर्षाली बोट मागेपुढे करत होती,
आहे, नाही, आहे, नाही.
मान वर न करता म्हणाली,
"पप्पा होडी धक्क्याला आणतात ना,
तर इंजिन आधीच बंद करतात.
शेवटचं हातभर अंतर इंजिनाने कापलं तर आदळते.
तेवढं नुसतं बघायचं, होडी कुठे चाललीय ते.
मग दोर टाकायचा."

मी खडू खाली ठेवला.
दिवा कोळीवाडा माझ्या घरापासून चालत पंधरा मिनिटं.
इतकी वर्षं मी तिथे
फक्त निवट्या घ्यायला गेले,
तेही घासाघीस करत.

सोमवारी लाइट गेली.
फळ्यावर जुना पॅराबोला काढला, डावा खांदा उतरलेला.
मागच्या बाकावरून आवाज:
मॅडम, याचा ठिपका कुठाय, जरा सरळ करू.

आणि युनिट टेस्टला सात जणांनी
व्याख्येच्या जागी होडी लिहिली.
एप्सिलॉन नाही, डेल्टा नाही,
एकीने तर दोराला गाठही काढलेली.
विद्यापीठात याला भोपळा मिळेल, मला ठाऊक आहे.
रात्री उशिरापर्यंत ते सात पेपर वेगळे ठेवले,
मग प्रत्येकाला अर्धा गुण दिला
आणि लाल शाईत खाली लिहिलं:
इंजिन नेमकं किती अंतरावर बंद करायचं?
ते लिहा, उरलेला अर्धा घेऊन जा.