परमिट

अठ्ठेचाळीस हजारांचा फोन
माझ्या खाकी शर्टाच्या खिशात,
आणि खिशाची शिवण वैजयंतानं दोनदा टाचलेली.

कराडला घेतला, दत्त चौकात.
तीन हजार रोख, पुढं महिना अठराशे पंच्याहत्तर,
चोवीस महिने.
दुकानातली पोरगी म्हणाली, काका, सही इथं, इथं आणि इथं.
तोवर यात आमच्याच कंपनीचं कार्ड चालेल,
दुसरं घातलं की फोनला कुलूप.
म्हटलं, घाला कुलूप.
काचच अशी होती, तिच्यात माझं तोंडसुद्धा
चार वर्षांनी धाकटं दिसत होतं.

ढेबेवाडी मागं पडली, रस्ता वळला
आणि कोपऱ्यातल्या पाच काड्या
एकेक करून निजल्या.
कारळेवाडीत टॉवर एकच, तोही दुसऱ्या कंपनीचा.
मला ठाऊक नव्हतं असं नाही.
नऊ वर्षांपूर्वी त्या टॉवरला वीज मीच जोडून दिली.

खिंडीत उभा राहून कस्टमर केअरला लावला.
आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.
बावीस मिनिटं मी महत्त्वाचा होतो.
मग मुदतीआधी सुटायचं तर किती भरायचे
तो आकडा कळला.
रस्त्यानं जाणारी म्हैसही जरा थांबून बघून गेली.

घरी तो बॅटरी म्हणून बरा आहे.
गोठ्यात लख्ख उजेड पडतो.
वैजयंताचा बटणांचा फोन, रबरानं बांधलेला,
दिवसभर वाजतो: माहेर, बचत गट, भिशी,
आणि माझं ऑफिस.
"घ्या सायेब, तुमचाच हाय,"
पिठाच्या हातानं ती तो पुढं करते.

परवा वादळात लाइन गेली.
परमिट घेतलं, फीडर बंद झाल्याची खात्री केली,
डिस्चार्ज रॉड लावला,
झोळाईच्या टेकाडावरल्या खांबावर चढलो.
पट्टा अडकवून मागं रेललो
तोच खिसा थरथरला.
एकदा नव्हे. पोळ्याला दगड लागावा तसा.
पठारावर पवनचक्क्यांचे लाल दिवे लागलेले,
त्यांच्या आडून कुठून तरी
दोन काड्या.

पहिला मेसेज कंपनीचा: प्रिय ग्राहक, तेरावा हप्ता.
मग चाकणहून समाधान:
पप्पा, लागत नाही.
पप्पा, लागत नाही.
बरं, आईच्या फोनवर करतो.
मग इस्लामपूरचा मोमीन, आयटीआयतला जोडीदार,
एका झुल्याखाली जेवलेला.
पोरीची पत्रिका. चौदा तारीख. खाली लिहिलेलं,
तू नाही आलास तर बघ.
आज एकवीस.

खालून लहू: "आबा, फॉल्ट घावला का?"
म्हटलं, घावला. थांब जरा.

सत्तर घरं अंधारात,
गिरणीच्या पायरीवर दळणाचे डबे घेऊन बाया,
आणि वर मी
अंगठ्यानं अक्षरं शोधत बसलेला.
ग्रीसच्या बोटाला काच ओळख देईना.
शर्टाला पुसून पुन्हा.
"मोमीन, लेका, खांबावर आहे. आत्ता बघितलं."
पुढं काय लिहावं सुचलं नाही.
तेवढंच पाठवलं.

खाली लहूचा फोन वाजला.
"आबा, वैनी! म्हणत्यात मिक्सरात वाटण अर्धंच ऱ्हायलंय,
लाइट कधी येतीया?"

जंपर बदलला. पाच मिनिटांचं काम.
मोमीनच्या मेसेजवर एकच टिक होती,
दुसरीसाठी थांबलो नाही.
उतरताना छातीइतकं खाली आलो नाही
तोवर काड्या गेल्या.
परमिट परत केलं, लहूच्या फोनवरून.
गिरण घरघरली.
कुणीतरी "आली!" म्हणून ओरडलं,
नेहमी कुणीतरी ओरडतंच.

तेरावा भरला. अकरा राहिले.
पुढल्या आठवड्यात पावसाआधीची तपासणी,
खांबांची यादी माझ्याच अक्षरात.
झोळाईचा त्यात नव्हता.
शेवटी, थोड्या बारीक अक्षरात,
घातलाय.