आधी झाड

फोनवर बाईंनी आधी फाटक सांगितलं.
निळं. खालच्या कडीला गंज, आणि आत
भुंकणारा पण न चावणारा कुत्रा.
मग समोरची शिवणकामवाली,
मग तिच्या डाव्या हाताची मक्याची गिरणी,
मग, "तिथून दोन चौक तळ्याकडे" –
कुठून, ते अजून यायचं होतं.

मी मोटारसायकल बंद करून उभा.
मागे बांधलेला ऑक्सिजनचा सिलिंडर,
आणि डोक्यात एक निळं फाटक
कशालाच न टेकलेलं.
त्याच्यासमोर शिवणकामवाली बसवली. बसली.
गिरणी बसेना: डावा हात तिचा, की तिच्याकडे बघणाऱ्याचा?
कुत्रा नुसता हिंडत राहिला,
त्याला कुठलीही बाजू चालते.

आमच्या मानाग्वात गल्ल्यांना नावं नाहीत.
तळं म्हणजे उत्तर.
वर म्हणजे सूर्य येतो ती बाजू,
खाली म्हणजे तो जातो ती,
मग रस्ता चढाचा असो की उताराचा.
एवढ्यावर अख्खं शहर चालतं.
फक्त पहिला खिळा कुणीतरी ठोकून द्यावा लागतो.

"दोन्या मेलानिया, सुरुवात कुठून?"
त्या गप्प. त्यांच्या मागे कुणाचातरी श्वास
ओल्या लाकडात अडकलेल्या करवतीसारखा.
"अरे, झाड! झाड होतं तिथून.
हेही सांगायचं?"

आणि सगळी गल्ली गर्रकन फिरली.
डावीकडे धरलेलं फाटक उजवीकडे आलं,
शिवणकामवाली मशीनसकट रस्ता ओलांडून गेली,
गिरणी आपसूक बसली.

ते झाड मी पाहिलेलं नाही.
माझ्या जन्माआधी, भूकंपानंतर कधीतरी पडलं म्हणतात.
तिथं आता मोबाइलचं दुकान आहे,
पण दुकानापासून कुणी मोजत नाही.

सात मिनिटं लागली. चार चुकीच्या फाटकात गेली.

खाटेवर दोन एरिबेर्तो, पाय सुजलेले.
मी विचारलं, आधी फाटक का सांगितलंत?
त्या म्हणाल्या, दोन वर्षं झाली, मी त्याच्यापुढे गेलेच नाही.

मग सिलिंडर समजावला:
आधी किल्ली, मग काटा बघायचा,
मग नळी, सगळ्यात शेवटी मास्क.
म्हणून दाखवा, म्हटलं.

त्यांनी नवऱ्याच्या कपाळावरचा घाम पुसला.
"आधी," त्या म्हणाल्या, "ह्यांचं नाक."