माप

पतपेढीच्या वरचा हॉल, कोपरखैरणे, सेक्टर सात,
शनिवारी दहा ते पाच, नावनोंदणी दोनशे रुपये,
चहा धरून.
पोरीनं परस्पर पैसे भरले म्हणून आले,
नाहीतर शनिवारी माझ्या मशीनला दम खायलाही फुरसत नसते.

आम्ही एकोणीस जण.
बोनकोड्याचे हसुराम पाटील, सुक्या जवळ्याची चटणी.
घणसोलीचा मिथिल, लोकांच्या लग्नाचे व्हिडिओ कापून जोडतो.
म्हटलं, म्हणजे तूही कातरवालाच.
एक बाई भाषांतरं करते. दर विचारला
तर आवाज इतका खाली घेतला
जशी उधारी कबूल करतेय. शब्दाला साठ पैसे.

फरहीन मुकादम मॅडम तळोज्याहून येतात.
फळ्यावर लिहिलं: तुम्ही काय विकता? एका वाक्यात.
पाटलांनी लिहिलं, चटणी.
खोडलं.
बराच वेळ विचार करून पुन्हा लिहिलं, चटणी.

मग म्हणाल्या, फोन काढा.
सगळ्यात जुन्या गिऱ्हाइकाला लावा, आत्ता, इथंच,
विचारा, माझ्याकडेच का येता?
लग्नघरासारखा कालवा झाला.
पाटलांना उत्तर आलं, उधार देता म्हणून.

मी जिला लावला तिचं नाव सांगत नाही.
बारा वर्षं येते.
वाटलं, शिवण म्हणेल. वेळेवर देतेस म्हणेल
(म्हणाली असती तर खोटंच).
पलीकडे कुकरची शिट्टी झाली, ती थांबेपर्यंत थांबली, मग म्हणाली,
"अगं, टेप लावतेस तेव्हा तू आकडा मोठ्यानं म्हणत नाहीस.
आधीचा मास्तर पोराला ओरडून सांगायचा, बेचाळीस!
अख्खं दुकान वळून बघायचं.
आणि ऑपरेशननंतर ब्लाउज आणले,
तेव्हा डावीकडे आतून कापसाची घडी शिवून दिलीस.
नुसती दिलीस. एक शब्द नाही."

मॅडम म्हणाल्या, वाचा.
मी आकड्यापर्यंत वाचलं.
पुढचा कागद दुमडून ब्लाउजात ठेवला.
तो माझा माल नव्हता.

"हीच तुमची जाहिरात!" मॅडमनी टाळी वाजवली.
मिथिल म्हणाला, रील करू.
कसलं? माझ्या गप्प बसण्याचं?
जेवणानंतर कार्डावर वाक्यं जुळवत बसलो.
"येथे गुप्तता पाळली जाते." दवाखानाच वाटला.
"तुमचं माप आमच्या मनात."
पाटील म्हणाले, ताई, हे लग्न मोडायचं लक्षण आहे.
कार्ड कोरंच राहिलं.

चारच्या चहानंतर शेवटचा धडा.
दर सांगा. मग गप्प बसा.
"पण" नाही, "बघा ना" नाही,
"तुम्हाला जमेल ते द्या" तर अजिबात नाही.
समोरचा बोलेपर्यंत गप्प.
जोड्या लावल्या. भाषांतरवाली माझ्यासमोर.
"एक रुपया वीस पैसे," ती म्हणाली,
आणि पेनाचं टोपण काढत राहिली, घालत राहिली,
काढत राहिली.

माझी पाळी.
गप्प बसायचं मला कुणी शिकवायला नको,
बारा वर्षं तोच धंदा.
फक्त लोकांच्या मापाबरोबर
मी माझाही आकडा गिळत आले होते.
"ब्लाउज सैल करणे," मी म्हटलं, "एकशेवीस."
इतक्या मोठ्यानं
की खालच्या पतपेढीचा शिपाई जिन्यात डोकावला.

सोमवारी ती आली. दोन ब्लाउज, एक पंजाबी.
टेप लावला, मनात मोजलं, वहीत लिहिलं,
वही उलटी ठेवली.
"एकशेवीसप्रमाणे," म्हटलं,
आणि टेप गळ्यात अडकवून उभी राहिले.

"महागलीस."

मी गप्प.
शेजारच्या गिरणीचा पट्टा फडफडत होता.

"बुधवारी देशील?"

गुरुवारी, म्हटलं.