चावी

आमच्या गल्ल्यांना नावं नाहीत, आकडे आहेत.
बाहेरगावचा पाहुणा हसतो: तुरुंगासारखे का?
मी म्हणते, तुरुंगही त्याच पट्टीनं आखलेला.

कोण्या साहेबानं पांझरेकाठी तंबू ठोकला,
आधी कागदावर रेघ ओढली, मग रेघेवर पेठ वसवली.
बऱ्हाणपूरहून सुतार, सुरतेहून लोहार,
जागा फुकट, वर तगाई,
फक्त घराचं तोंड रेघेकडे पाहिजे.
ज्यांची रानं त्या कागदात मावली नाहीत
त्यांच्यामागे सातपुड्यात पलटण गेली.
ते दप्तर वेगळ्या कपाटात असतं.

मी वाचनालयात बसते.
सकाळी पेपरवाले म्हातारे, संध्याकाळी परीक्षेची पोरं,
आणि टेबलाच्या खणात एक लांबट वही,
जिचा पुस्तकांशी काही संबंध नाही.
बारा फुटी शिडी.
ऑक्सिजनचं नळकांडं, भरलेलं.
दीडशे पानांची पातेली, झारे तीन, चौथा हरवला.
बर्फाची पेटी हमीदाआपांकडे, रात्री-अपरात्रीही मागावी, लाजू नये.
मांड्यांची खापरं आखाजीच्या आठ दिवस आधी सांगून न्यावीत.
कोण नेतं, कोण आणतं, मी तारीख घालते.
दंड नाही.
दंड ठेवला की लोक दंड भरतात, वस्तू आणत नाहीत,
हे माझ्या आधीच्या चिंधूअण्णांचं शहाणपण.

गेल्या चैत्रात पाचव्या गल्लीचं पाणी गेलं.
आठव्या दिवशी येणारं, सोळाव्यालाही नाही.
ओट्याओट्यावर बायका: पानी उनं का वं माय?
नही उनं.
नवा इंजिनिअर नकाशा घेऊन आला,
कापडावर चिकटवलेला, इंग्रजी अक्षरांचा,
पाइपाची निळी रेघ सरळ, अगदी सरळ.
तीन ठिकाणी खणलं.
माती, विटा, एक फुटकी चिलीम.

मी वही काढली.
शिडीच्या खालच्याच ओळीत चिंधूअण्णांच्या अक्षरात
'झुलाल वॉलमन, निवृत्त',
वस्तू असल्यासारखं.

झुलालबाबा सायकल ढकलत आले,
दांड्याला बांधलेली वॉलची चावी, पुरुषभर उंच, वर आडवी मूठ.
तिचं एक टोक रस्त्यावर टेकवलं, दुसऱ्याला कान लावला.
गल्ली गप्प. कुणीतरी रिक्षाही बंद केली.
दहा पावलं. पुन्हा कान.
मग नकाशाला तिथंच सोडून डावीकडे वळले,
लिंबाखालून, मुल्लांच्या पायरीपाशी.
"आठे."

खाली पाइप निघाला कोपरासारखा वाकलेला,
एका बुजवलेल्या विहिरीला वळसा घालून.
सांधा फुटलेला, आणि गल्लीचं सगळं पाणी
सोळा दिवस मुकाट तिच्यात उतरत होतं.
काठच्या दगडावर दोराचे काच, बोटभर खोल.
एवढे काच पडायला किती जणींनी शेंदलं असेल,
साहेबाच्या तंबूआधी किती वर्षं.
आणि पाइप टाकणाऱ्या मजुरांनी, वर कुणाला न विचारता,
तिला अंग चोरून वाट दिली,
कचेरीत सांगितलं, सरळ टाकलाय.

इंजिनिअरनं पेन काढलं, निळी रेघ वाकवायला.
बाबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे भाऊ,
कागदले सरयच ऱ्हाऊ दे."
त्यानं थोडा वेळ पेन धरून ठेवलं. मग खिशात घातलं.

पाणी रात्री दोनला आलं, आधी तांबडं, मग पांढरं.
मी वहीत लिहिलं: झुलालबाबा, पाचवी गल्ली, नेले.
'परत' या रकान्यापाशी अडले.
ते घरी गेले, चावी मात्र नाही नेली.
सायकलवर आता झेपत नाही म्हणाले.

ती मुल्लांच्या भिंतीला टेकलेली आहे.
शाळेतून येणारी पोरं तिला कान लावतात.
काहीच ऐकू येत नाही म्हणतात,
आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लावतात.